मैलमापकाचा आकडा आणि मोटारींचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारीचा पूर्ण जीर्णोद्धार म्हणजे तिचा सांगाडा सुटा करून गंज काढणे, इंजिन व गिअरबॉक्स नव्याने बांधणे आणि तिला कारखान्यातून बाहेर पडतानाचे रूप परत देणे. १९३५ साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिकेसारख्या संस्थांमुळे अमेरिकेत हा छंद संघटित झाला. आणि ज्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक झिजणारा भाग बदलला गेला, तिच्या मैलमापकावरचा, म्हणजे ओडोमीटरवरचा, जुना आकडा तसाच ठेवावा की शून्यावर आणावा, हा प्रश्न जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे येत राहिला. त्याचे उत्तर शोधायचे, तर हा आकडा नेमके काय मोजतो, हे आधी पाहावे लागते.

अंतर मोजणारे चाक मोटारीहून फार जुने आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने अशा एका गाडीचे वर्णन केले असून, तिची चाके ठरावीक फेरे फिरली, म्हणजे एक रोमन मैल पुरा झाला, की भांड्यात एक खडा पडत असे. विसाव्या शतकातील मोटारींत हेच काम गिअरबॉक्सपासून निघणाऱ्या लवचीक केबलने होऊ लागले. अमेरिकी गाड्यांत ती साधारणपणे मैलाला १,००० फेरे फिरे, आणि दंतचक्रांनी मंदावलेली तिची गती आकडे कोरलेल्या छोट्या रिळांना पुढे सरकवी. अनेक गाड्यांत पूर्ण मैलांसाठी पाचच रिळे असल्यामुळे ९९,९९९ नंतर यंत्र आपोआप शून्यावर येई, म्हणजे एक लाख मैल धावलेली गाडी आणि नवी कोरी गाडी यांत त्याला फरक करता येत नसे.

तरीही जुन्या गाड्यांच्या बाजारात किंमत ठरवताना याच आकड्यावर भिस्त ठेवली जाई, आणि म्हणूनच मीटर मागे फिरवून विकण्याचा अप्रामाणिक धंदा बोकाळला. खरेदीदार गाडीची स्थिती व मोल यांचा अंदाज मैलांवरून बांधतात, हे मान्य करून अमेरिकी काँग्रेसने १९७२ च्या कायद्याने नोंद बदलण्याच्या हेतूने मैलमापक फिरवण्यास बंदी घातली आणि फसवणूक करणाऱ्याने नुकसानीच्या तिप्पट किंवा १,५०० डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी ती भरावी, असे ठरवले. १९८६ च्या दुरुस्तीने मैलांची नोंद मालकीच्या दस्तऐवजावरच करणे सक्तीचे केले. पुढे जुन्या गाड्यांना विक्रीच्या वेळी मैल जाहीर करण्यातून सूट मिळाली; परंतु ही सूट जाहीर करण्यापुरती असून आकडा फिरवण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही.

याच कायद्यात जीर्णोद्धाराला लागू पडणारी एक बारीक तरतूद आहे. मैलमापक दुरुस्त करता किंवा बदलता येतो, मात्र नव्या यंत्रावर जुनाच आकडा ठेवावा लागतो. ते अशक्य असेल, तर यंत्र शून्यावर आणून पूर्वीचे मैल आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. म्हणजे कायद्याने शून्याला जागा दिली, पण सोबत जुना इतिहास लिहून ठेवण्याची अट घातली.

शून्याच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवावे लागते, तेल वेळेवर बदलावे लागते, आणि अशा वेळी जुना आकडा हिशेबाला अडचणीचा ठरतो. परंतु ही गरज ट्रिप मीटरने किंवा साध्या वहीने भागते. गाडीची ओळख तिच्या सांगाड्याच्या क्रमांकात असते, बेअरिंगच्या वयात नसते. अमेरिकी शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो पी १८०० एस २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर पोचली. मधल्या काळात तिचे इंजिन नव्याने बांधले गेले, तरी मैलांची मोजणी अखंड राहिली आणि तिचा विक्रम त्या सातत्यावरच उभा राहिला.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली तयार झालेल्या व्हेनिस सनदेने हस्तक्षेपांची काटेकोर नोंद ठेवण्याचे तत्त्व मांडले होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फीवाने, ते ट्युरिन सनदेत मोटारींना लागू केले. देवळाचा कळस नवा बसवला तरी त्याच्या स्थापनेचे साल बदलत नाही, तसेच इथेही आहे. म्हणून जुना आकडा शक्य तेथे राखावा, यंत्र बदलावेच लागले तर आधीचे मैल व तारीख कायम दिसतील अशा जागी लिहावी, आणि जीर्णोद्धारानंतरचे मैल स्वतंत्र नोंदवहीत मोजावेत. या मार्गाने कारागिराचे श्रमही नोंदले जातात आणि गाडीने आधी तोडलेली वाटही पुसली जात नाही. पुढच्या मालकाला दोन्ही गोष्टी जाणून घेण्याचा हक्क आहे.