‘गंगावतरण’ : एका खर्चिक अपयशाची मीमांसा

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांत ‘गंगावतरण’ (१९३७) या चित्रपटाच्या वाट्याला बहुधा चार ओळी येतात. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. मूकपटाचा कर्ता बोलपटाच्या युगात मागे पडला, एवढे सांगून लेखक १९४४ मध्ये नाशिक येथे झालेल्या त्यांच्या निधनाकडे वळतात. हे स्पष्टीकरण ‘सेतुबंधना’स लागू पडते. १९३२ सालच्या त्या मूकपटाला ‘आलम आरा’नंतर प्रेक्षक उरला नव्हता, पुढे अर्देशीर इराणी यांच्या साहाय्याने, सुमारे ४० हजार रुपये खर्चून त्याला आवाज द्यावा लागला. ‘गंगावतरणा’ची गोष्ट निराळी आहे.

१९३४ च्या अखेरीस कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्या निमंत्रणावरून फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोनचे हे काम स्वीकारले. पटकथेस ना. ह. आपटे यांचे साहाय्य होते, संगीत विश्वनाथ जाधव यांचे. निर्मितीस दोन वर्षे व अडीच लाख रुपये लागले. ६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तो प्रदर्शित झाला. आवाज होता, द्रव्य होते, अवधीही होता. तरी चित्रपट पडला.

मग कारण कोठे शोधावयाचे? फाळके यांची प्रतिभा मूलतः यंत्रातील चमत्कार उलगडून दाखविणारी होती. १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी थांबत थांबत टिपली व ती पडद्यावर काही क्षणांत घडविली. ‘लंकादहना’त (१९१७) प्रेक्षक मारुतीचे उड्डाण पाहावयास येई. अशा कलावंताची गत परदेशातही वेगळी झाली नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस याने १९०२ मध्ये चंद्रावरील विनोदी सफर दाखवून जग जिंकले. १९१२ मधील त्याची तशीच खर्चिक ध्रुवयात्रा मात्र कोसळली, आणि पुढे त्याला पॅरिसच्या एका रेल्वेस्थानकात खेळणी विकावी लागली.

परंतु प्रेक्षक चमत्काराला विटला होता, हे म्हणणेही टिकत नाही. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. म्हणजे ‘गंगावतरण’ आले तेव्हा तो गर्दी खेचतच होता! त्यात चमत्कारांची वाण नाही. तुकोबा विमानातून वैकुंठास जातात. पण त्या चमत्कारांच्या शेजारी चूल आहे, उपाशी पोरे आहेत, आणि विठोबाला शिव्या देणारी जिजाई आहे. विमान निघून जाते, जिजाई प्रपंचात मागे राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते भेद येथे आहे. गंगेच्या अवतरणात अवतरण हीच घटना. ते पाहून ज्याचे घर हलावे असे माणूस त्या कथेत जवळपास नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांना गंगा डोंगरावर उतरते यात काही नवल वाटण्याजोगे नव्हते. मुंबईच्या प्रेक्षकाला त्याहून अधिक काही हवे झाले होते.

याला एक पुरावा आपट्यांच्याच लेखणीत सापडतो. त्याच १९३७ साली त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी ‘कुंकू’ काढला. त्यात ना देव आहे, ना उड्डाण. एक वृद्ध वर आहे, आणि त्याला पती मानण्यास नकार देणारी मुलगी. तो चालला.