लोणीकंदला उतरा

२० जानेवारी २०२४. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तुम्ही बसला आहात. पिठाचं पोतं, सरपण, पांघरुणं. मराठा आरक्षणाचा मोर्चा मुंबईला चाललाय, मनोज जरांगे पाटील पुढे आहेत. मुक्काम करत करत रांजणगाव मागं पडतं आणि पुण्याच्या अलीकडे, नगर रस्त्यावर लोणीकंद लागतं. इथं उतरा.

आता १८१९ साल आहे. पेशवाई बुडून वर्ष झालंय. कंपनी सरकारचे डॉक्टर थॉमस कोट्स घरोघर हिंडून भांडीकुंडी, कपडालत्ता, खाणंपिणं, सावकाराचं देणं असं सगळं लिहून घेताहेत. एका मराठी खेड्याची इतकी बारीक नोंद त्या काळात दुर्मीळच.

पुढे सरका. १९२४, मुंबई विद्यापीठ. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे संस्कृतचे विद्यार्थी, केंब्रिजहून परतून समाजशास्त्र विभाग हाती घेतात. शहरांचा ध्यास घेतलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग १९१९ मध्ये सुरू केला आणि घुर्यांना विलायतेला धाडण्यासाठी निवडलं तेही त्यांनीच. घुर्ये १९५९ पर्यंत विभागात राहतात. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई याच गुरूचे शिष्य.

घुर्यांचं १९३२ चं जातीवरचं पुस्तक उघडा. १९०१ च्या जनगणनेत सरकारनं जातींची उतरंड लावली आणि जातीजातींतली चुरस पेटली, असं ते बजावतात. तुमच्या खिशात आरक्षणासाठी लागणारी, पणजोबांच्या कुणबी नोंदीची झेरॉक्स आहे. सरकारी कागदावरची जात माणसाचं काय करते, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. उत्तर त्यांच्यासारखंच द्यावं असं नाही, पण तो टाळून तुमची झेरॉक्स समजणार नाही.

हेच घुर्ये लोणीकंदला वळतात. कोट्स यांची नोंद समोर ठेवून सव्वाशे वर्षांत काय बदललं ते तपासतात; पुस्तक १९६० चं. १९६२ मध्ये शहरं आणि संस्कृतीवर ग्रंथ, १९६३ मध्ये पुण्याला लागून असलेल्या हवेली तालुक्यावर. शहराचा अभ्यास वेशीपाशी थांबत नाही, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या रस्त्यानं माल शहरात जातो, त्याच रस्त्यानं गाऱ्हाणंही जातं.

ट्रॉलीत परत चढा. २७ जानेवारीला वाशीत मोर्चा थांबेल, कॅमेरे निघून जातील. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, त्यानंतर अंतरवालीत जा. कोट्सनं लोणीकंदमध्ये लिहिलं तसं घर, ताट, कर्ज आज लिहून ठेवा. सव्वाशे वर्षांनी कुणाला तरी ते लागणार आहे.