काल्याचे कूळ

वर्सोव्याच्या बंदरास मचवा लागून म्हावरे उतरले आणि विक्रीचा हिशेब झाला, की वाटे पडतात; होडीचा निराळा, जाळ्याचा निराळा, तांडेलाचा व खलाश्यांचा निराळा, आणि ही वहिवाट इतकी काटेकोर, की तीत थोडका फरक पडला तरी तंटा उभा राहावा. जीव पणाला लावून मिळविलेल्या अन्नाचा हिशेब असा चोख असणे न्याय्यच होय. परंतु नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यानंतर नवव्याच दिवशी, श्रावण वद्य नवमीस, जो गोपाळकाला येतो, त्यात वाट्याच्या कल्पनेलाच थारा नाही.

या काल्याचे कूळ भागवताच्या दशम स्कंधापर्यंत जाते. यमुनेच्या वाळवंटात गोपबालक कृष्णाभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखे बसतात आणि आपापल्या शिदोरीची रुची एकमेकांस दाखवितात. मात्र तेथे शिदोऱ्या अजून पृथक्‌च आहेत. त्या एकत्र कालविल्या मराठी संतांनी. श्रीमंताघरचे दही आणि दुबळ्याची शिळी भाकरी एकजीव झाली, की दाता कोण नि याचक कोण हे कोणासही सांगता येऊ नये, आणि देवाने त्यातलाच उष्टा घास मागून घ्यावा, ही कल्पना मला साऱ्या अन्नदानांहून थोर वाटते. कारण दानात देणाऱ्याचा हात वर राहतो, काल्यात तो राहत नाही.

काल्याच्या कीर्तनात याच्या पुढची कथा सांगतात. हे उच्छिष्ट आपणांस लाभावे म्हणून स्वर्गीचे देव मासे होऊन यमुनेत शिरले. गोपाळ हात धुतील आणि शिते पाण्यात पडतील, ही त्यांची आशा. कृष्णाने ते ओळखले आणि गड्यांना हात घोंगडीलाच पुसावयास सांगितले. ज्याच्या सात पिढ्या माशांवर जगल्या त्या कोळीवाड्यातील श्रोत्याने ही कथा ऐकावी, आणि देवालाही मासा होऊन ज्यासाठी तिष्ठावे लागले तो घास आपल्या तळहातावर आहे हे त्याला उमगावे, याहून अधिक भाष्य तिला नको.

आषाढी पौर्णिमेस पंढरपूरनजीक गोपाळपुरास पालख्या जमतात. जोंधळ्याच्या लाह्या, पोहे, दही, मिरची असे कालवून वारकरी एकमेकांच्या मुखी घास घालतात, पाया पडतात, आणि मग परतीच्या वाटेला लागतात. हरिनाम सप्ताहाची सांगताही काल्यानेच होते.

परंतु वाळवंटातील ही समता देवळाच्या उंबरठ्यापाशी अडली, हेही याच कुळकथेत नमूद झाले पाहिजे. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकूस कोसळून अस्पृश्य मानलेले संत चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर झाली, आणि त्यांच्या जातबांधवांना आतला मार्ग मोकळा होण्यास साने गुरुजींचे मे १९४७ मधील प्राणांतिक उपोषण लागले. त्याच सुमारास मुंबईत अनंत हरि गद्रे झुणका-भाकरीचे सत्यनारायण घडवीत होते. दलित दांपत्याच्या हस्ते पूजा आणि सर्व जातींची एक पंगत. माझ्या मते तो काल्याचाच थेट वंशज.

आज गोपाळकाल्याच्या दिवशी उपनगरांतून दहीहंडीचे थर आणि बक्षिसांचे आकडे यांचाच गाजावाजा होतो, आणि फुटलेल्या मडक्यातले दही रस्त्यावर सांडते. मंडळांनी त्या सायंकाळी एक तास राखून ठेवावा, वरच्या थराचे पोर, खालच्या थराचा गडी, बघ्यांतला परका, सर्वांस एकाच सतरंजीवर बसवावे, आणि काला हातावर द्यावा.