उत्तरेची वाट, एकल्याची चाल आणि पंचवीस दिवसांचा प्रश्न

पुण्याहून उत्तरेस निघालेल्या पायी वाटसरूने मुळा ओलांडली, भोसरी व मोशी मागे टाकली आणि इंद्रायणी पार केली की त्याची पहिल्या दिवसाची मजल चाकणला संपे. हे अंतर सुमारे ३० किलोमीटरांचे आहे. पुढे भामा, खेडची भीमा, घोड, मीना, कुकडी, संगमनेरची प्रवरा आणि अखेर गोदावरी अशा नद्या एकामागून एक आडव्या येतात. आज भोसरीपासून चाकणपर्यंतचा पट्टा कारखान्यांनी व्यापलेला असून तेथे जुळणी झालेल्या मोटारी मालवाहू गाड्यांवर चढून याच दिशेने उत्तर हिंदुस्थानात जातात. वाट जुनीच आहे; तिच्यावरील वेग मात्र इतका पालटला आहे की पूर्वीच्या माणसाला ती तुडवावयास किती दिवस लागत, याची कल्पना आपल्या मनातून जवळजवळ पुसली गेली आहे. तिच्या अभावी इतिहासलेखनात काही ढोबळ प्रमाद शिरले आहेत. त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उत्तरेच्या वाटांचा इतिहास आपण प्रायः दोन प्रकारच्या प्रवाशांवरून लिहितो. एक फौज आणि दुसरा व्यापाऱ्यांचा तांडा. दोघेही ओझ्याचे दास होत. दाणागोटा, तंबू, जनावरे आणि त्यांच्यामागून चालणारा बाजार यांमुळे त्यांची रोजची मजल पाच-सहा कोसांपलीकडे क्वचितच जाई. परंतु याच वाटेवर तिसरा एक प्रवासी सतत चालत होता. तो एकटा असे, किंवा फार तर आपल्या जोडीदारासह असे. त्याच्यापाशी लखोटा, काठी, घोंगडी आणि एक-दोन दिवसांची शिदोरी यांहून अधिक काही नसे. मराठी कागदांत तो जासूद, काशीद किंवा हरकारा या नावांनी भेटतो. पत्रांच्या अखेरीस ‘जासूद जोडी’ रवाना केल्याचा निर्देश वारंवार आढळतो. दोघांना एकत्र पाठविण्यामागील हेतू उघड आहे. वाटेत एक आजारी पडला वा मारला गेला, तरी दुसऱ्याने कागद पोहोचवावा. ठराविक मजुरीवर आणि ठराविक दिवसांच्या बोलीवर नेमलेल्यास अजुरदार म्हणत. त्याच्या चालीला पैशाने मोजलेली किंमत होती, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची आहे. जेथे दिवसांचा करार होतो, तेथे वेगाविषयी समाजाची निश्चित अपेक्षा असते.

या तिसऱ्या प्रवाशाचे माप हाती घेऊन १६६६ सालच्या एका सुप्रसिद्ध प्रवासाकडे पाहू.

शिवाजी महाराज ५ मार्च १६६६ रोजी राजगडाहून निघाले आणि ११ मे रोजी आग्र्याच्या वेशीशी पोहोचले. (येथील इंग्रजी तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत, आजच्या पद्धतीने त्यांत १० दिवस मिळवावे.) म्हणजे जाताना ६७ दिवस लागले. सोबत लवाजमा होता, मार्ग राजमान्य होता, ऋतू कोरडा होता. आजच्या रस्त्याने आग्रा ते पुणे हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. राजगडापर्यंतचा भाग धरून ते १,२५० मानल्यास रोजची सरासरी १८-१९ किलोमीटर पडते. लवाजम्याच्या प्रवासास ही गती अगदी स्वाभाविक आहे.

परतीचा प्रश्न अवघड आहे. १७ ऑगस्ट १६६६, श्रावण वद्य १२, शुक्रवार या दिवशी महाराज आग्र्याहून निसटले, याविषयी आता फारसा वाद राहिलेला नाही. राजगडास ते केव्हा पोहोचले, याविषयी मात्र दोन परंपरा आहेत. जेधे शकावली मार्गशीर्ष शुद्ध ५, म्हणजे २० नोव्हेंबर, ही तिथी देते. याउलट जयपूरच्या दप्तरातील ज्या समकालीन राजस्थानी पत्रांचा संग्रह सर जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी प्रसिद्ध केला, त्यांतील बातमीनुसार महाराज २५ दिवसांत राजगडी पोहोचले. त्यावरून १२ सप्टेंबर ही तारीख येते. पहिल्या परंपरेत प्रवास ९५ दिवसांचा, तर दुसरीत जेमतेम पंचवीस-सव्वीस दिवसांचा.

मार्गाविषयीही अशाच दोन परंपरा आहेत. खाफीखान व काही बखरी महाराजांना मथुरेहून प्रयाग, काशी असे पूर्वेस नेतात आणि तेथून गोंडवन, भागानगर असा मोठा वळसा घालून दक्षिणेत आणतात. दुसऱ्या मतानुसार ते माळवा व खानदेश यांतून, रूढ वाटेच्या आसपास राहून, सरळ आले.

लोकप्रिय चरित्रांत आणि, खेदाने नमूद करावे लागते, काही पाठ्यपुस्तकांतही काशीचा मार्ग आणि २५ दिवसांचा अवधी ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आग्रा-काशी-भागानगर-राजगड हे अंतर कसेही मोजले तरी २,३०० किलोमीटरांहून कमी भरत नाही. ते २५ दिवसांत तोडावयाचे तर रोज ९० किलोमीटरांवर चाल हवी. तीही पंचवीस दिवस अखंड, भर पावसाळ्यात, अनोळखी प्रदेशात आणि वेष पालटून. हे संभवत नाही. परंतु तोच वळसा ९५ दिवसांत घातला असे मानले, तर रोजची मजल २४-२५ किलोमीटरांची ठरते, आणि ती गोसाव्याच्या वेषात चालणाऱ्या मनुष्याला पूर्णपणे शोभते. तात्पर्य, लांब मार्ग आणि नोव्हेंबर ही एक जोडी आहे. सरळ मार्ग आणि सप्टेंबर ही दुसरी. अभ्यासकाने यांतील कोणतीही एक स्वीकारावी. एकीतील मार्ग व दुसरीतील तिथी उचलण्याची मुभा त्याला नाही.

मग दुसरी जोडी तरी व्यवहार्य आहे काय? सरळ मार्गाने २५ दिवस म्हणजे रोज सुमारे ५० किलोमीटर. येथे जासुदाची साक्ष उपयोगी पडते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने हिंदुस्थानातील पायी डाकेचे वर्णन केले आहे. दर दोन कोसांच्या सुमारास झोपड्या असत, आलेला धावपटू लखोटा जमिनीवर टाकी, कारण हातात देणे अपशकुनी मानले जाई, आणि दुसरा तो उचलून लगेच धावत सुटे. जेथे दुतर्फा झाडे नसत तेथे ५०० पावलांवर दगड मांडलेले असत. काळोख्या पावसाळी रात्री डाकवाल्यास वाट दिसावी म्हणून जवळच्या गावकऱ्यांनी त्यांना चुना लावावा, असा दंडक होता. घोडेस्वारापेक्षा पायी मनुष्य लवकर पोहोचतो, असेही तो सांगतो. हे विधान मात्र टप्प्याटप्प्याने पालटणाऱ्या धावपटूंविषयीचे आहे. ते एकाच मनुष्याला लावता येणार नाही.

एकट्याच्या मर्यादेसाठी पानिपतची बातमी पाहावी. युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. ग्रँट डफच्या कथनानुसार नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत सापडलेला सावकारी काशीद पानिपताहून औरंगाबादेस ९ दिवसांत पोहोचण्याच्या बोलीवर निघाला होता. त्याच्यापाशी मोती व मोहरांच्या सांकेतिक भाषेतील ते विख्यात पत्र होते. औरंगाबादचे अंतर सुमारे १,२५० किलोमीटर; म्हणजे बोलीप्रमाणे रोज १४० किलोमीटर व्हावयास हवेत. रियासतकार सरदेसाई ही घटना २४ जानेवारीस भेलशाच्या मुक्कामी घालतात. ते स्वीकारल्यास दहा दिवसांत साडेसातशेच्या आत-बाहेर अंतर तुटले, म्हणजे दिवसाकाठी ७०-७५ किलोमीटर पडले. कोरड्या थंडीच्या दिवसांत, सावकारी पैशाच्या बळावर, कदाचित वाटेत माणसे बदलूनही, प्रत्यक्षातली गती एवढीच होती. बोली आणि चाल यांतील ही तफावत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कराराचा आकडा हा वेगाचा पुरावा नव्हे. तथापि तयार मनुष्याने रोज ५० किलोमीटर महिनाभर चालणे या मर्यादेच्या आत बसते. कठीण खरे, अशक्य नव्हे.

खरा अडथळा पायांचा नव्हता, नद्यांचा होता. आजच्या पद्धतीने पाहता हा प्रवास २७ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर या काळात पडतो. ग्वाल्हेर, नरवर, सिरोंज, हंडिया, असीरगड, बऱ्हाणपूर हा तत्कालीन राजमार्ग चंबळ, नर्मदा व तापी ओलांडून येतो. तिन्ही नद्या त्या दिवसांत दुथडी असतात आणि उतारावर नावाडी असतो तसे सरकारी चौकीदारही असतात. पलायन दुसऱ्याच दिवशी उघडकीस आले होते. अशा वेळी मोठ्या जथ्याला नाव मिळणे जितके दुर्घट, तितकेच एक-दोन गोसाव्यांना ती मिळणे सोपे. चंद्राची गणनाही अनुकूल आहे. श्रावण वद्य १२ नंतरच्या पहिल्या काळोख्या रात्री आग्र्यापासून दूर होण्यास उपयोगी पडल्या, आणि भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात ढगांआडून का होईना, वाटेपुरता उजेड मिळाला.

त्याहूनही महत्त्वाची आहे ती ओझे कमी करण्याची पूर्वतयारी. आपल्या लोकांना दक्षिणेत परत पाठविण्याची परवानगी महाराजांनी पलायनापूर्वीच मिळविली होती. मागाहून नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेस त्रिमल बंधूंच्या स्वाधीन केले. भावनाप्रधान लेखक या प्रसंगावर पुष्कळ शाई खर्च करतात. प्रवासशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तो केवळ सुरक्षिततेचा नव्हे, वेगाचाही निर्णय होता. बालकासह रोज ५० किलोमीटरांची चाल टिकविता येत नाही. ६७ दिवसांचा प्रवास २५ दिवसांवर आणला तो घोड्यांनी नव्हे. गोसावी घोड्यावर दिसला की संशय येणार, आणि एकाच घोड्याला महिनाभर अशी दौड झेपणार नाही. बादशहाला भेटावयास राजा म्हणून गेलेला पुरुष परतताना निराजी रावजींसारख्या मोजक्या सोबत्यांसह जासुदाच्या चालीने आला, असेच मानावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या राजस्थानी बातमीत २५ दिवसांचा उल्लेख आहे, तिच्यातच संभाजीराजे वाटेत निवर्तल्याचे म्हटले आहे, आणि ते सर्वथा खोटे होते. एक विधान असत्य असता दुसरे का मानावे? माझ्या मते दोहोंचा उगम वेगळा आहे. मृत्यूची वार्ता पाठलाग थांबावा म्हणून बुद्ध्या पसरविलेली होती; प्रवासाचे दिवस खोटे सांगण्यात कोणाचेही हित नव्हते. शिवाय संभाजीराजे मागाहून आले हे मान्य केले, तर जेधे शकावलीतील मार्गशीर्षातील तिथी त्यांच्या आगमनाशी जोडता येते आणि दोन्ही साधने आपापल्या जागी राहतात.

उरतो तो अखेरचा टप्पा, आणि तो आपल्या परिसराचा आहे. नाशिककडून येणाऱ्यास जुन्नर-चाकण ही सरळ वाट. परंतु चाकणचा किल्ला १६६० च्या ऑगस्टपासून मोगलांकडे होता. फिरंगोजी नरसाळ्याने तो शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे ५५ दिवस झुंजविला, पण त्या वेढ्याच्या पहिल्या भागात महाराज स्वतः पन्हाळ्यास अडकलेले होते. चाकण-पन्हाळा अंतर जासुदाला पाच-सहा दिवसांचे. बातमी जाऊ शकत होती, कुमक येऊ शकत नव्हती. जुन्नर मोगली ठाणे होते. पुरंदरच्या तहाने लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि कोंढाणाही त्यांच्याकडे गेला होता. याचा अर्थ असा की हजार किलोमीटर तोडून आलेल्या प्रवाशासमोर घराच्या उंबरठ्याशी चौक्यांचे सर्वांत दाट जाळे होते. ज्या वाटेने जासूद एरवी चाकणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सहज पुढे जाई, तीच वाट या एका प्रवासात टाळणे भाग होते. म्हणून शेवटच्या पाच-सहा दिवसांची मजल सरासरीहून बरीच कमी, तर माळव्यातील मजल अधिक धरावयास हवी. सिरोंज ते बऱ्हाणपूर या पट्ट्यात ती ६० किलोमीटरांपर्यंत नेल्यावाचून २५ दिवसांचा हिशेब जुळत नाही.