पेशीतल्या धाग्यांना हुकूम कोण देतो?

पारनेरच्या बाजारात कांद्याला तोटा नाही, आणि वर्गात पेशी दाखवायची म्हटली की आपण सारे शिक्षक कांद्याचाच पापुद्रा सोलतो. त्यावर आयोडीन घातले की केंद्रक ठळक दिसते, पण पेशी मरते. ताजा पापुद्रा नुसत्या पाण्यात ठेवून, उजेड बेताचा करून थोडा वेळ पाहिला, तर आतले बारीक कण सरकताना दिसतात. असाच प्रवाह इटलीतल्या कोर्ती यांनी १७७४ मध्ये पाणवनस्पतीत पाहिला होता. तो कशाने चालतो, याचे उत्तर मात्र स्नायूंच्या अभ्यासातून आले.

१९४२ साली, महायुद्ध चालू असताना, हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी स्नायूतून ॲक्टिन हे प्रथिन वेगळे केले. त्याचे रेणू माळेतल्या मण्यांसारखे जुळून धागा होतो. मणी सुटले की धागा विरतो. १९६६ मध्ये जपानच्या हातानो व ओसावा यांनी हेच प्रथिन श्लेष्मबुरशीतून मिळवले. १९७४ मध्ये लाझारिडीस व वेबर यांनी स्नायूंबाहेरच्या पेशींतही त्याचे धागे प्रतिपिंडांच्या मदतीने दाखवले. कांद्याच्या पेशीतले कणही ॲक्टिनच्या धाग्यांवरूनच वाहून नेले जातात.

आता खरा प्रश्न उभा राहिला. मणी तेच, मग कुठे त्यांचे जाड जुडगे होते, कुठे जाळे, तर कुठे बोटासारखे टोक. हे ठरवते कोण?

१९९२ मध्ये लंडनला ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी उंदराच्या पेशी सीरमविना उपाशी ठेवल्या. त्यांतले जुडगे नाहीसे झाले. मग ऱ्हो नावाचे प्रथिन सुईने आत सोडताच काही मिनिटांत जुडगे पुन्हा उभे राहिले. एका जिवाणूच्या विकराने ऱ्होला निकामी केले, तर सीरम देऊनही ते होईनात. ऱ्होचे भावंड रॅक याने पेशीच्या कडेला झालरी आणल्या. १९९५ पर्यंत तिसरे भावंड, सीडीसी-४२, बोटे उभारते हेही कळले. ही तिन्ही प्रथिने विजेच्या बटणासारखी आहेत: जीटीपी जोडलेला असताना चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. बाहेरचा निरोप बटण दाबतो आणि धाग्यांची मांडणी बदलते. जखम भरताना पेशी सरकतात त्या यामुळेच. कर्करोगाच्या पेशी पसरतात तेव्हाही हीच यंत्रणा कामी येते.

हे संशोधन आता आपल्या जवळही चालते. पुण्याच्या आयसर संस्थेतील अर्णब घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरचे काम प्रसिद्ध केले. ॲक्टिनचे धागे घडवणारे फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केले, तर वाढत्या चेतातंतूची बोटे स्थिर राहत नाहीत आणि तंतू वाट चुकतात, असे त्यांना आढळले.

पेशीच्या आकृतीला नावे देणे आपण चांगले शिकवतो. त्या नावांमधली हालचाल आणि तिला मिळणारा हुकूम हेही मुलांपर्यंत पोचावे, असे आम्हाला वाटते.