फुटक्या बशांचे राज्य

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे गल्लीगल्लीतून मुले किल्ले करतात. शिल्पशास्त्राच्या कसोट्या लावल्या तर त्यातला एकही किल्ला उत्तीर्ण व्हायचा नाही. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, गुहेतला वाघ हत्तीला भारी पडेल एवढा असतो, आणि महाराजांच्या सिंहासनामागे आगपेटीची मोटार उभी असते. मोठी माणसे येता-जाता हसतात आणि कौतुकही करतात, कारण पंधरा दिवसांनी तो किल्ला मोडायचाच असतो. पण एखाद्या संसारी, नोकरदार माणसाने असेच वेडेवाकडे काही करायला घेतले, तेही सरकारी जमिनीवर, कोणालाही न विचारता, आणि पंधरा दिवस नव्हे तर अठरा वर्षे, तर काय होते? चंदीगडच्या रॉक गार्डनचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. ती बाग आज लाखो लोक पाहून येतात. तिकीट काढून पाहण्याच्या या बागेचा जन्म मात्र बेकायदा होता, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

ती करणारे नेकचंद सैनी यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ रोजी बरियाँ कलाँ या खेड्यात झाला. गाव गुरुदासपूर जिल्ह्यातल्या शकरगड तहसिलीत. १९४७ साली रॅडक्लिफसाहेबांनी नकाशावर रेघ ओढली तेव्हा या जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकी तीन भारतात राहिल्या आणि रावीपलीकडची एकटी शकरगड पाकिस्तानात गेली. एक तहसील रेघेच्या या बाजूला की त्या, यावर माणसांची घरेदारे कशी ठरतात, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सैनी कुटुंब शेतकरी होते. शेत, घर, नदीकाठ सगळे तिकडे सोडून ते इकडे आले. १९५१ च्या सुमारास नेकचंद चंदीगडला पोचले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक म्हणून रुजू झाले.

चंदीगड हेही फाळणीचेच अपत्य. लाहोर गेले, तेव्हा पंजाबला राजधानी हवी होती. फ्रान्सहून ल कॉर्ब्युझिए हे जगप्रसिद्ध वास्तुविशारद आले आणि त्यांनी काटकोनांचे शहर आखले. सेक्टरांना नावे नाहीत, नंबर आहेत. कुठे काय बांधायचे, कशाने बांधायचे, झाडे कोणती लावायची, सारे ठरलेले. कॉर्ब्युझिए यांनी पुढच्या पिढ्यांसाठी या शहराची एक सनद लिहून ठेवली. तिच्यात एक कलम असे आहे की शहरात किंवा बागांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये. स्मरण ठेवायचेच असेल तर ब्राँझची पाटी लावावी. चौकाचौकांत पुतळे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कलम हवेहवेसे वाटेल. पण याच शहरात, विधानसभा आणि उच्च न्यायालयाच्या भव्य इमारतींपासून हाकेच्या अंतरावर, एक सरकारी कर्मचारी झुडपांआड शेकडोंनी पुतळे उभारत होता. ते पुतळे कोणा व्यक्तीचे नव्हते, एवढी पळवाट त्यांना होती.

असे सुंदर शहर उभे करायचे तर आधी काहीतरी पाडावे लागते. शहराच्या जागी नांदती खेडी होती. ती उठली, घरे पाडली गेली, आणि मातीच्या ढिगाऱ्यांत गाडगी, मडकी, बांगड्या, कौले, चुली उरल्या. शिवाय नव्या शहराचा स्वतःचा कचरा होताच: बांधकामावर फुटलेली फरशी, तडा गेलेली संडासाची भांडी, जळलेले दिवे, डांबराची रिकामी पिंपे. रस्ता निरीक्षकाच्या नजरेसमोरून हे सगळे रोज जात असे. १९५७-५८ पासून नेकचंदांनी ते सायकलवर लादून घरी, म्हणजे सुखना तलावाजवळच्या रानातल्या एका झोपडीकडे, न्यायला सुरुवात केली. सोबत शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे आणि तिथल्या नदीनाल्यांच्या पात्रांतले विचित्र आकाराचे दगड. कुठल्या दगडात माणूस दिसे, कुठल्यात पक्षी. ही जमीन राखीव होती. तिच्यावर काहीही बांधायला बंदी होती. म्हणून काम नोकरीचे तास संपल्यावर. अंधार पडला की सायकलचे जुने टायर पेटवायचे आणि त्यांच्या उजेडात सिमेंट कालवायचे. या कामाची माहिती पत्नीला होती आणि मोजक्या जवळच्या माणसांना.

मूर्ती घडवण्याची त्यांची रीत साधी होती. सायकलची मोडकी चौकट, तिचा दांडा, लोखंडी कांबीचे तुकडे हा सांगाडा. त्यावर जाळी किंवा चिंध्या-गोणपाट गुंडाळून सिमेंटचा गिलावा, आणि गिलावा ओला असतानाच वरून त्वचा चिकटवायची. ही त्वचा कधी फुटक्या कपबशांच्या तुकड्यांची, कधी बांगड्यांची, कधी भट्टीत जास्त भाजून वितळलेल्या विटांच्या खड्यांची. न्हाव्यांच्या दुकानातले केसही त्यांनी सोडले नाहीत. कागदावर आराखडा नाही, मापे नाहीत.

आता या मूर्ती दिसतात कशा, ते स्पष्ट बोलले पाहिजे. त्या कुरूप आहेत. चेहरे चपटे, डोळे बटणासारखे, हात कमरेला चिकटलेले, मान बहुधा नाहीच. वानरे आणि माणसे यांच्यात पुष्कळ वेळा फरक करता येत नाही. एकेका चौथऱ्यावर तीस-चाळीस जणांची पलटण सारख्याच चेहऱ्याने उभी असते, जणू वर्गाचा फोटो काढायला छायाचित्रकार यायचा आहे. डोक्यावर घडा घेतलेल्या बायका आहेत, नाचणाऱ्या आहेत, आणि बांगड्यांनी मढलेली अख्खी फौज आहे. लाल-हिरव्या बांगड्यांचे तुकडे उन्हात चमकतात आणि क्षणभर त्या खरोखरच सजून आल्याचा भास होतो. पाहणारा प्रथम हसतो. मग हसू जरा थांबते. आपल्याकडे पाहणारे एवढे डोळे एका जागी असतील तर काय होते, याचा अनुभव मुख्याध्यापकाला रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी येतो, म्हणून मला तो भाव ओळखीचा वाटला.

शाळाशाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाची प्रदर्शने होतात. पालक बाजारातून नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि थर्मोकोल विकत आणून त्यातून ‘टाकाऊ’ वस्तू बनवून देतात. नेकचंदांच्या कामाला त्याच सदरात बसवून त्यांना पर्यावरणाचे आद्य कार्यकर्ते ठरवण्याची हल्ली पद्धत आहे. मला ते पटत नाही. काटकसरीचा धडा द्यायला कोणी अठरा वर्षे रात्री जागत नाही. बशीचा तुकडा मूर्तीच्या अंगावर आला तरी तो बशीच राहिला आहे, त्यावरची निळी फुले तशीच दिसतात, आणि बांगडी ही कोणाच्या तरी हातातली बांगडीच आहे. गुळगुळीत, प्रमाणबद्ध मूर्ती केली असती तर माल कुठून आला हे पुसले गेले असते. या वेडेवाकडेपणामुळे उठलेल्या खेड्यांच्या खुणा त्या आखीव शहरात शिल्लक राहिल्या. स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या मोडलेल्या गावांचे तुकडे जमवावेत, यामागे त्याच्या मनात काय होते ते तोच जाणे. पण बागेच्या पहिल्या भागात वाटा गावच्या बोळांसारख्या वळतात आणि दारे इतकी ठेंगणी आहेत की मंत्री असो की हमाल, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, हे तर डोळ्यांना दिसते.

असल्या माणसाला आपण सवयीने ‘एकमेव’ म्हणतो. पण त्याच्याआधी त्याच्या जातीचे आणखी दोघे होऊन गेले होते, आणि तिघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसताना तिघांच्याही वाट्याला सारखेच प्रश्न आले.

पहिला फ्रान्समधल्या ओतरिव्ह गावाकडचा टपालवाला फर्दिनां शेव्हाल. रोजची तीस-बत्तीस किलोमीटरची पायपीट. १८७९ साली वाटेत एका विचित्र दगडाला ठेच लागली. तो दगड त्याने खिशात टाकला, दुसऱ्या दिवशी आणखी आणले, पुढे ढकलगाडी घेतली, आणि १९१२ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, आपल्या अंगणात एक राजवाडा बांधला. टपालातून जाणारी सचित्र मासिके आणि पोस्टकार्डे हीच त्याची विद्यापीठे. त्यामुळे त्या राजवाड्यात स्विस घर आहे, मशीद आहे, आणि भारत कधी न पाहिलेल्या या माणसाने बांधलेले एक हिंदू मंदिरही आहे! आपण खपलेले ९३ हजार तास त्याने भिंतीवर कोरून ठेवले. इथेच आपल्याला पुरावे ही त्याची इच्छा होती. ती परवानगी नाकारली गेली. मग गड्याने सत्तरी उलटल्यावर गावच्या दफनभूमीत तसलीच आणखी एक वास्तू आठ वर्षे खपून बांधली, आणि १९२४ मध्ये तिच्यात विसावला. नेकचंदांचा जन्म त्याच वर्षीचा. पुढे १९६० नंतर वास्तू संरक्षित करण्याचा प्रश्न आला, तेव्हा सरकारी अहवालाने तिला निव्वळ ओंगळ ठरवले. संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी ते न मानता १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत घेतले.

दुसरा सायमन रोडिया. इटलीतून अमेरिकेत गेलेला, टाइल्स बसवण्याचे काम करणारा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब वस्तीत त्याने १९२१ ते १९५४ या काळात लोखंडी सळ्या, जाळी आणि सिमेंट यांचे मनोरे उभे केले; सर्वांत उंच जवळजवळ शंभर फूट. शेजारची पोरे त्याला फुटक्या बशा आणि बाटल्या आणून देत. मग एक दिवस जागा शेजाऱ्याला देऊन तो निघून गेला. नगरपालिकेने मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. पाठीराख्यांनी कसोटी मागितली. ऑक्टोबर १९५९ मध्ये लोकांसमक्ष साडेचार टनांचा ताण लावण्यात आला. मनोरे हलले नाहीत. ओढणारी सामग्रीच आधी हरली.

नेकचंदांच्या बाबतीत ताण लागला तो कागदावर. १९६९ साली चंदीगडचे मुख्य वास्तुविशारद एम. एन. शर्मा यांच्या दृष्टीस हे काम पडले. नियमाने पाहता ते अतिक्रमण होते, आणि नेकचंद सरकारी नोकर असल्याने नोकरीही जाणार होती. शर्मांनी नियमाचा बडगा उगारला नाही. काम गुपचूप चालू द्यावे असे सुचवले. खुद्द कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली वाढलेल्या अधिकाऱ्याने हे करावे, यातली गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बोभाटा झाला तेव्हा काम सुमारे बारा एकरांवर पसरले होते. पाडून टाका म्हणणारे होतेच. पण लोक पाहायला येऊ लागले, आणि डॉ. एम. एस. रंधावा यांच्यासारख्या वजनदार माणसाने बाजू घेतली. जानेवारी १९७६ मध्ये बाग रीतसर खुली झाली. गुन्हेगाराला शिक्षा काय, तर बागेचा अधिकारी म्हणून पगार आणि हाताखाली पन्नास मजूर!

या वेळेपर्यंत चंदीगडचेच त्रांगडे झालेले होते. १ नोव्हेंबर १९६६ रोजी भाषेच्या आधारावर पंजाबचे विभाजन झाले, आणि पंजाब व हरियाणा या दोघांनीही मागितलेले हे शहर केंद्रशासित करून दोघांची राजधानी ठेवण्यात आले. वाद अजून मिटलेला नाही. शहर कोणाचे याचा निकाल होत नाही, पण बागेवर मात्र दोन्हीकडचे लोक मालकी सांगतात, आणि तिथे पाटी कुठल्या भाषेत हवी म्हणून कोणी भांडत नाही.

पुढचा काळ मानमरातबाचा. १९८३ मध्ये बागेवर टपाल तिकीट निघाले, १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बालसंग्रहालयासाठी त्यांनी मूर्ती करून दिल्या. बागही वाढत गेली: धबधबे आले, मोठ्या कमानी आणि त्यांना टांगलेले झोपाळे आले. मुले तिथेच जास्त रमतात. माझे मत विचाराल तर मजूर मिळाल्यानंतरच्या या थाटापेक्षा टायरच्या उजेडात झालेला पहिला भाग कितीतरी सरस आहे.

मान मिळाला म्हणून निर्धास्तपण आले असे नाही. १९९० च्या सुमारास रस्ता आणि गाड्या ठेवण्याची सोय यांसाठी बागेची जागा घेण्याचा घाट घातला गेला. बुलडोझर आले तेव्हा शेकडो नागरिक साखळी करून आडवे उभे राहिले, आणि न्यायालयाचा कौलही बागेच्या बाजूने पडला. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी गेलेले असताना कर्मचारी काढून घेतले गेले आणि कोणीतरी मूर्तींची मोडतोड केली. त्यांनी परत येऊन पुन्हा सिमेंट कालवले. १२ जून २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते गेले. पुढच्याच वर्षी कॉर्ब्युझिए यांच्या विधानसभा-न्यायालयाच्या इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. शेजारची बाग त्या यादीत नाही.

२०२५ च्या प्रारंभी उच्च न्यायालयाकडे येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता आणि वाहनतळ वाढवायचे म्हणून बागेच्या बाहेरच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला, झाडेही तोडली गेली. शहरातले लोक निषेधाला जमले. भिंत नव्याने बांधून देऊ, असे प्रशासनाने सांगितले.