डोळ्याची खोबण आणि पाण्याचे शून्य



डोळ्यामागे काय दडले आहे हे पाहण्याची सोय वैद्यकाला फार उशिरा लाभली. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले खरे. पण त्या फोटोत हाडे तेवढी उमटत. खोबणीतली चरबी, स्नायू आणि दृष्टीची नस यांचा एकच धूसर पडदा दिसे.

तो पडदा दूर केला गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने. गृहस्थ शेतकऱ्याचा मुलगा; लहानपणी घरी केलेले विमान घेऊन गवताच्या गंजीवरून उड्या मारी. (त्यातून वाचला हे आपले भाग्य!) त्याच्या पहिल्या प्रयोगात एका छेदाच्या मापनाला ९ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन झाला.

खरी करामत चित्रात नव्हे, आकड्यांत आहे. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा अंक मिळतो. पाणी शून्य, हवा उणे १०००. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जिथे मठ निघाला, ते पाटण आपल्या चाळीसगावजवळच. तेव्हा धन, ऋण आणि शून्य खानदेशाला परके नाहीत. चरबी उणे १००च्या आसपास, स्नायू अधिक ५०च्या आसपास, हाड शेकड्यांनी वर. खोबण चरबीने भरलेली, म्हणून तिच्या काळ्या पार्श्वभूमीवर गाठ उठून दिसते. जन्मजात गाठीत चरबी असली तर अंक उणे येतो. बालकाच्या नेत्रकर्करोगातले चुन्याचे कण ठळक चमकतात. मात्र सौम्य आणि घातक अशा पुष्कळ मांसल गाठींचे अंक सारखेच येतात. अंक द्रव्य सांगतो, स्वभाव नव्हे. तिथे तुकडा काढून तपासावाच लागतो.

आणि पऱ्हाटीची काडी घुसली तर? वाळल्या लाकडात हवा असते, त्यामुळे ते चित्रात हवेच्या बुडबुड्यासारखे काळे दिसते. जखमेतून थोडी हवा आत शिरलेली असतेच, पाहणारा फसतो. पुढे लाकूड ओल धरते, अंक चढतो, आणि चरबीच्या अंकाशी जुळला की काडी दिसेनाशीच होते. म्हणून सरळ कडांचा बुडबुडा दिसला की जाणता डॉक्टर काळ्या छटांतला फरक उलगडेल अशा बेताने चित्र पुन्हा लावून पाहतो, आणि सोबतच्या माणसाला विचारतो : काडी वाळलेली होती की ओली? उपटली तेव्हा पुरी निघाली, की टोक मोडले होते?